ओट्याखालचा दुसरा ठोका

ही गोष्ट खरी आहे.

पटत नसेल तर इथेच थांबा. मला कोणाला पटवत बसायची हौस नाही. नऊ वर्षं आमच्या घरात हेच चाललं होतं, कोण खरं आणि कोण खोटं. आता पुरे.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. मंगळवार होता. सकाळचे साडेदहा. बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणाल तर गल्लीच्या टोकाचं एक बैठं घर, त्यातलं स्वयंपाकघर, आणि त्या स्वयंपाकघरातला जुना, फिकट हिरव्या सनमायकाचा लाकडी ओटा.

घडलं ते माझ्या काकांच्या बाबतीत. त्यांनी सांगितलं तसं सांगते. शेवटी मी स्वतः तिथे होते.

काका सुतार. माझे बाबाही सुतार. दोघे भाऊ जोडीने काम करायचे आणि जोडीने भांडायचे. खिळा दीड इंची घ्यायचा की दोन इंची, एवढ्यावरून त्यांचं अर्धा दिवस वाजायचं. म्हणून त्यांनी एक पद्धत काढली होती. काम सुरू झालं की बोलायचंच नाही.

जुना ओटा काढायचा असला की बाबा खालच्या कपाटात पाठीवर आडवे व्हायचे आणि स्क्रू काढायचे. काका वर पहार घेऊन उभे. बाबा हातोडीच्या दांड्याने खालून फळीवर ठोकायचे.

एक ठोका म्हणजे थांब.

दोन ठोके म्हणजे उचल.

बाकीचे सुतार ओरडून सांगतात. या दोघांना तेवढंही बोलायचं नसायचं. लोक हसायचे. पण वीस वर्षं त्या ठोक्यांवर त्यांनी किती ओटे काढले आणि एकाच्याही बोटाला खरचटलं नाही.

मग तो हिरवा ओटा आला.

त्याला जुन्या काळचं बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, सिंक होतं. बीड म्हणजे काय वजन, ते ज्याने उचललंय त्यालाच माहीत. बाबा त्या सिंकखाली आडवे होते. काका वर. आतून ठोका आला. काकांनी ऐकला... दोन.

त्यांनी पहार घातली आणि उचललं.

सिंक सुटून खाली आलं. बाबांच्या छातीवर.

बाबा त्यानंतर दोन दिवस होते. हॉस्पिटलच्या खाटेवर, श्वास पुरत नव्हता तरी, एकच वाक्य म्हणत राहिले. "मी एकदाच वाजवलं. एकदाच."

आणि काका खाटेच्या पायथ्याशी उभं राहून म्हणत होते, "दोन आले दादा. मी दोन ऐकले."

आईने त्या दिवशी सगळ्यांसमोर काकांना खुनी म्हटलं. मी चौदा वर्षांची होते. मलाही तेच वाटलं. मरताना माणूस खोटं कशाला बोलेल? मग खोटं कोण बोलतंय, हे उघडच होतं.

त्यानंतर काकांना आमच्या घराचं दार बंद झालं. रस्त्यात दिसले तर मी तोंड फिरवायचे. एकदा त्यांनी हाक मारली, तर मी त्यांच्यासमोर रस्त्यावर थुंकले. आज लिहितानाही मला स्वतःची चीड येते.

तर मुद्द्यावर येते.

त्या घराच्या मालकाने तेव्हा दुसऱ्याच कोणाकडून सिंक परत बसवून घेतलं होतं. ओटा तसाच ठेवला. नऊ वर्षांत पाणी मुरून तो फुगला, सनमायकाचे पापुद्रे सुटले. तेव्हा त्याने सुतार बोलावले. एक आला, दुपारी काम टाकून गेला. दुसरा आला, तोही गेला. मग त्याने काय करावं?

काकांना फोन केला.

"मिस्त्री, ते तुमचंच अर्धवट राहिलेलं काम आहे. पूर्ण करून द्या."

अर्धवट राहिलेलं काम! माणूस गेला होता तिथे.

काकांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काकू म्हणाल्या, "तुम्ही त्या घराची पायरी चढायची नाही."

"चढणार. त्या ओट्याचे तुकडे दुसऱ्या कोणाच्या हातून होऊ देणार नाही मी."

असे ते गेले. एकटेच. बाबांनंतर त्यांनी जोडीला कोणाला घेतलंच नव्हतं.

घरमालकाने दार उघडलं, बोटाने स्वयंपाकघर दाखवलं आणि बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसला. ना चौकशी, ना दोन शब्द.

काका रागात होते, पण हात शिस्तीत चालत होते. त्यांनी पाण्याचा कॉक बंद केला आणि नळ सोडून खात्री केली. गॅस बंद करून नळी काढली. स्वयंपाकघरातली वीज बंद केली. गॉगल, मास्क, हातमोजे. सनमायकाची तुटकी कड पात्यासारखी कापते, तिथे हलगर्जीपणा चालत नाही. भिंतीच्या कडेचं सिलिकॉन कटरने कापत नेलं. मग सिंकखाली दोन लाकडी टेकू ठोकून बसवले. एक पुरला असता. त्यांनी दोन लावले.

आणि ते खाली शिरले. पाठीवर आडवे झाले. नऊ वर्षांपूर्वी दादा होता, तिथेच.

चौदा स्क्रू होते. एक निघाला, दुसरा निघाला. काकांचं डोकं मात्र तापत चाललं. गेलेल्या माणसावर इतका राग कसा येतो, हे ज्याला आलाय त्यालाच कळेल. ते मास्कच्या आतून बडबडायला लागले.

"एकदाच वाजवलंस म्हणे. एकदाच! मग मी काय बहिरा होतो? जाताना माझ्या गळ्यात बांधून गेलास ना... तुझी बायको थुंकत नाही माझ्यावर. पोरगी थुंकते. बरं वाटलं का?"

दहावा स्क्रू निघाला आणि त्यांनी रागाच्या भरात हातोडीचा दांडा फळीवर हाणला.

टक.

...

टक.

काकांचा हात हवेतच राहिला.

त्यांनी एकदाच मारलं होतं.

घुमला असेल, असं त्यांना वाटलं. कपाट रिकामं, आवाज घुमतो. त्यांनी कपाटाच्या बाजूच्या फळीवर मारून पाहिलं. एकच ठोका. मागच्या भिंतीवर मारलं. एकच.

मग पुन्हा वर, ओट्यावर.

टक.

काही नाही... एक श्वास गेला... दीड श्वास...

टक.

आवाज घुमून आला असता तर लगेच आला असता. हा थांबून आला. विचार करून आल्यासारखा.

त्यांच्या मनात पहिलं नाव कोणाचं आलं असेल, ते सांगायला नको. ते हळूच म्हणाले, "दादा?"

त्यांनी फळीला कान लावला.

पण नाही. तो हात दादाचा नव्हता. वीस वर्षं त्या हाताचे ठोके ऐकलेले कान होते ते. दादा दांड्याने ठोकायचा, लाकडावर लाकूड. हा ठोका सुका होता. बोटाचं हाड दारावर वाजवावं तसा.

काकांनी एक तळहात फळीला खालून टेकवला. दुसऱ्या हाताने ठोकलं. पहिला ठोका जाणवला. आणि दुसरा...

दुसरा तळहाताला वरून आला. ओट्याच्या वरच्या बाजूने.

ते घसटत बाहेर आले. कोपर सोललं, लक्षातही आलं नाही.

ओट्यावर कोणी नव्हतं. कटर पडला होता. सिलिकॉनचे लांब तुकडे पडले होते. बाकी सगळीकडे बारीक धूळ बसली होती, आणि तिच्यावर बोटाचा साधा ठसाही नव्हता.

काका बाहेरच्या खोलीत गेले.

"स्वयंपाकघरात कोणी येऊन गेलं?"

"कोण येणार?"

"ओटा वाजतोय."

घरमालकाने पान उलटलं. "वाजतो."

"वाजतो म्हणजे?"

"म्हणजे वाजतो. पहिल्यापासून. आमची ही भांडं एकदा ठेवायची, तर दोनदा ठेवल्यासारखं ऐकू यायचं. लाकूड आहे, वाजणारच. आधीचे दोघेही त्यापायीच पळाले."

काकांना आधी अर्थच लागेना. मग लागला.

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

"ओटा बसवला तेव्हापासून. झाली असतील पंचवीसेक वर्षं."

"दादा हॉस्पिटलमध्ये होता, तेव्हा तुम्ही दाराशी उभे होतात. तो एक म्हणत होता, मी दोन म्हणत होतो. तुम्ही ऐकत होतात."

"ऐकत होतो."

"मग?"

"मला कोणी विचारलं नाही."

भूतखेत राहू द्या बाजूला. या सगळ्या गोष्टीत माझ्या अंगावर काटा येतो तो या एका वाक्याने. मला कोणी विचारलं नाही! एक माणूस गेला, दोन घरं तुटली, आणि हा माणूस मुकाट्याने पेपर वाचतोय!

काकांनी त्याची कॉलर धरली. उचलला जवळजवळ खुर्चीतून. मग सोडून दिला. "मारलं असतं, पण आधी वहिनीला आणायचं होतं," असं ते नंतर म्हणाले.

अडीचच्या सुमाराला आमची बेल वाजली.

मी दार उघडलं. समोर काका. केसांत भुसा, भुवया पांढऱ्या, कोपरातून रक्त. मी दार लावायला निघाले, तर त्यांनी पाय घातला.

"वहिनीला बोलाव."

आई आधीच मागे येऊन उभी होती. "कशाला आलात?"

"वहिनी, दादा खरं बोलत होता."

नऊ वर्षं तिला हेच कबूल करून हवं होतं. पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं.

"आणि मीही."

"हे सांगायला आलात?"

"सांगायला नाही. ऐकवायला आलो. चला माझ्याबरोबर. शिव्या वाटेत द्या."

आईने खरंच वाटेत शिव्या दिल्या. रिक्षावाला आरशातून बघत होता. "खोटं निघालं ना, तर त्याच हातोडीने तुमचं डोकं फोडीन," असं ती म्हणाली आणि काका म्हणाले, "चालेल."

स्वयंपाकघरात चार स्क्रू राहिले होते. सिंकखाली दोन टेकू. खिडकीतून ऊन थेट ओट्यावर पडलेलं. घाबरण्यासारखं काही म्हणजे काही नव्हतं तिथे.

आई उकिडवी बसली, हात आत घातला आणि हातोडीच्या दांड्याने खालून ठोकलं.

टक.

आम्ही तिघं थांबलो.

काहीच नाही.

तिने पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, त्या पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

"झालं तुमचं नाटक?" आई म्हणाली. "नऊ वर्षांनी मला या जागेवर आणून बसवलंत, ते यासाठी?"

काकांचा चेहरा भुशाखाली आणखी पांढरा पडला. "मी आडवा होतो, वहिनी. आत, पाठीवर. असं बसून नव्हतं ठोकलं."

आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की मी एक पाऊल मागे सरले. मग ती म्हणाली, "सरका."

"थांबा!" काकांनी दोन्ही टेकूंना लाथा मारून बघितल्या. हलले नाहीत. मग स्वतःचा गॉगल काढून तिला दिला. "हा घाला आधी."

आई त्या धुळीत आडवी झाली आणि पाठीवर सरकत आत गेली. तिचे फक्त पाय बाहेर दिसत होते.

"इथेच होते का ते?" आतून आवाज आला. तो एकदम लहान झाला होता.

"इथेच."

मी वर उभी होते, सिंकच्या बाजूला. हात कुठे ठेवावेत सुचेना, म्हणून ओट्याची कड धरली होती. काका माझ्या शेजारी.

टक.

...

...

टक.

तो मी नुसता ऐकला नाही. माझ्या तळव्यांखाली वाजला तो.

त्याच क्षणी काकांचे दोन्ही हात माझ्या हातांवर आदळले. इतक्या जोरात की बोटं चेंगरली. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते आणि सगळं वजन टाकून दाबत होते.

मग आईचे पाय हलले. ती बाहेर आली, बसली. गॉगल कपाळावर सरकवला.

"मी एकदाच वाजवलं," ती म्हणाली. "एकदाच."

अगदी तसंच. बाबांसारखंच.

"माहीत आहे, वहिनी," काका म्हणाले.

काका तोंड झाकून रडले. आई नाही रडली. ती उठली, कपडे झटकले आणि बाहेरच्या खोलीत गेली.

"तुम्हाला माहीत होतं," ती घरमालकाला म्हणाली.

"घराला नाव पडलं असतं हो. भाडेकरू कोण आला असता?"

"माझ्या सख्ख्या दिराला मी खुनी म्हटलं. तुमच्यासमोर."

"मला काय वाटलं, तुमचं घरचं..."

आईने त्याच्या हातातला पेपर काढून घेतला. त्याची नीट चौघडी केली. आणि त्याच्या तोंडावर मारली. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने.

"चला भाऊजी," ती म्हणाली. भाऊजी! नऊ वर्षांनी. "काढू हा ओटा."

"वहिनी, मी माणूस बोलावतो..."

"मी काय आहे?"

आणि त्यांनी तो काढला. काका खाली, आई आणि मी वर. फरक एवढाच होता की या वेळी कोणी ठोकत नव्हतं. सगळे बोलत होते. बोलत कसले, भांडत होते. ओरडून. मनात साठलेलं सगळं बाहेर येत होतं.

"पोरीच्या परीक्षेला एकदा विचारलंत का?"

"दार उघडत होतात का तुम्ही? डावीकडचा निघाला! अजून उचलू नका!"

"नाही उचलत! तेराव्याला सुद्धा आला नाहीत!"

"मला हाकललंत तुम्ही! शेवटचा राहिला, थांबा!"

"थांबलेय!"

मध्ये ठोका आला असेल तर आम्हाला ऐकू आला नाही. यायला जागाच नव्हती. शेवटी काका खालून बाहेर आले, हात झटकून समोर उभे राहिले आणि तोंडाने म्हणाले, "आता उचला." मग आम्ही उचललं.

खाली काय होतं?

काही नाही. भिंत होती, साध्या गिलाव्याची. भोक नाही, फट नाही. जुना भुसा, एक गंजका चमचा आणि मेलेली दोन झुरळं. ओटा अंगणात नेऊन काकांनी करवतीने त्याचे तीन तुकडे केले. आईला ते तिथेच पेटवायचे होते. काका म्हणाले, "सनमायका जाळायची नसते, धूर विषारी असतो." त्यावरही दोघांचं वाजलं. शेवटी टेम्पो करून ते तुकडे कचरा डेपोत टाकून आलो.

या गोष्टीला आता दोन वर्षं होतील. काका येतात घरी. जेवतात, भांडतात, जातात. मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "जाऊ दे गं." पण त्यांचं जाऊ दे म्हणणं पुरत नाही मला.

तो दुसरा ठोका कोणाचा होता, ते माहीत नाही. त्याला जीव घ्यायचा होता की तो भांड्यांना द्यायचा तसंच नुसतं उत्तर देत होता, तेही माहीत नाही. लोक विचारतात. मी सांगते, मला कळलेलं नाही.

पण एक गोष्ट मी कोणाला सांगितलेली नाही. आईलाही नाही.

दोन ठोके ऐकले तेव्हा मी नुसती उभी नव्हते. ओटा वर आला होता. चांगला दोन बोटं. काकांनी माझे हात दाबले ते म्हणूनच. खालचे चारही स्क्रू तेव्हा जागच्या जागी होते. नंतर काकांनी ते काढले तेव्हा मी पाहिले, एकाला तर पक्कड लावावी लागली, इतका घट्ट होता. मग फळी वर आली कशी, हे ते मला विचारत नाहीत आणि मी त्यांना विचारत नाही.

मला कोणी उचल म्हटलं नव्हतं. मी काही ठरवलं नव्हतं. आई खाली आहे हे मला पक्कं माहीत होतं, आणि तरी मी उचलत होते.